संगणकाच्या वर्गात नीतीचा तास



कृत्रिम बुद्धिमत्तेवर विद्यापीठांत वाद झडू लागले, त्याला पाऊणशे वर्षे उलटली. मँचेस्टर विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने २७ ऑक्टोबर १९४९ रोजी मन आणि संगणकयंत्र या विषयावर चर्चासत्र भरवले. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग आणि मेंदूचे शल्यविशारद जेफ्री जेफरसन हे दोघेही त्यात होते. यंत्राने सुनीत रचले, तरी ते भावनेतून उमटलेले नसेल तर मेंदूची बरोबरी झाली असे म्हणता येणार नाही, हे मत जेफरसन यांनी त्याच वर्षी जाहीरपणे मांडले होते. ट्युरिंग यांनी १९५० च्या निबंधात त्याला उत्तर दिले: दुसऱ्या माणसाच्या मनातलेही आपण त्याच्या बोलण्यावागण्यावरूनच ताडतो.

तेव्हा वाद यंत्राच्या क्षमतेचा होता. पुढे तो माणसाच्या वर्तनाकडे वळला. एमआयटीतील प्राध्यापक जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ हा संवाद साधणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याची करामत साधी होती. समोरच्याने आईचा उल्लेख केला, की तो घरच्यांबद्दल आणखी विचारी. अर्थ त्याला काडीचाही कळत नसे. तरीही लोक त्याच्याजवळ मन मोकळे करू लागले. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने तर, आपले बोलणे खाजगी राहावे म्हणून, त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. या अनुभवाने ते हादरले. यंत्राला जमत असली तरी काही कामे त्याच्यावर सोपवू नयेत, असे त्यांनी १९७६ च्या पुस्तकात बजावले.

तिसरा प्रश्न चुकांच्या वाटणीचा. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के निघाले; सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. अशा प्रणाली तपासण्यासाठी प्रचलित असलेल्या छायाचित्रसंग्रहांत उजळ वर्णाच्या चेहऱ्यांचाच भरणा होता. त्यामुळे एकूण सरासरी चांगली दिसे आणि दोष झाकला जाई.

असे दोष प्रोग्रॅम लिहितानाच दिसावेत, यासाठी हार्वर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक संगणकशास्त्राच्या नेहमीच्या वर्गात येतात आणि जो विषय शिकवला जातो आहे, त्यातलाच नैतिक पेच सोडवायला देतात. नीतीचे व्याख्यान वर्षातून एकदा सभागृहात ठेवून जे साधत नाही, ते यामुळे साधते.

म्हणून विद्यार्थ्यांनी प्रकल्प हाती घेतानाच तीन गोष्टी लिहून काढाव्यात: माहिती कोणाकडून घेतली, यंत्र चुकले तर भोगणार कोण आणि त्याला दाद कुठे मागता येईल. ज्या प्रकल्पाच्या अहवालात ही उत्तरे नाहीत, तो अपुराच समजावा.