शाळेची जागा आणि शाळेतली जागा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला जुन्या आठवणी सांगायला उभं केलंय. त्या जेवताना सांगेन. आत्ता दहा मिनिटं पुढच्या पंचवीस वर्षांबद्दल बोलतो.

मराठीत 'जागा' हा शब्द मोठा सोयीचा आहे. शाळेची जागा म्हणजे भूखंड, आणि शाळेतली जागा म्हणजे बाकावरची. पहिली हातची गेली की दुसरीसाठी वणवण सुरू होते.

सिडको 1970 साली स्थापन झाली. शहर वसवताना तिनं सेक्टरच्या नकाशातच बाजार, मैदान आणि शाळा यांच्या जागा ठरवल्या. आपल्यापैकी अनेकांनी मुंबईतली चाळ सोडून खाडी ओलांडली, त्यामागे 'मुलांना जवळ शाळा आहे' हे एक मोठं कारण होतं. पुढे 1992 पासून शहराचा कारभार महानगरपालिकेकडे आला. प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी पालिकेची झाली, पण मोकळ्या भूखंडांची मालकी बरीचशी सिडकोकडेच राहिली. म्हणजे मूल एकाच्या कडेवर आणि जमीन दुसऱ्याच्या खिशात! पालिकेनं आपला प्रारूप विकास आराखडा 2022 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा आरक्षणाच्या भूखंडांवरून दोघांत झालेला वाद आपण पेपरात वाचलाच असेल.

आता कायदा काय म्हणतो? शिक्षणहक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. आणि एक कलम फारसं कुणी वाचत नाही : आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं हेही स्थानिक प्राधिकरणाचं, म्हणजे आपल्याकडे पालिकेचं, कर्तव्य आहे.

आता मी बँकेतला माणूस, म्हणून बँकेचं उदाहरण देतो. आमच्याकडे मुदत ठेवींची ड्यू डेट डायरी असायची. कुठली ठेव कधी पिकणार हे आधीच कळायचं, त्यानुसार रोकड तयार ठेवायची. ठेवीदार काउंटरवर आल्यावर "अहो, आम्हाला कल्पनाच नव्हती" असं म्हणायची सोय नव्हती. मूल जन्मलं की त्याची नोंद पालिकेकडेच होते. ते सहा वर्षांनी पहिलीच्या दारात उभं राहणार, ही ड्यू डेट त्याच दिवशी ठरली! त्यात बाहेरून राहायला येणारी कुटुंबं मिळवायची, इथून जाणारी वजा करायची. इंग्लंडमध्ये पुरेशा शाळा उपलब्ध ठेवण्याची जबाबदारी कायद्यानं स्थानिक कौन्सिलवर आहे, आणि तिथे जन्मांच्या आकड्यांवरून, नव्या घरांच्या परवानग्यांवरून पुढच्या वर्षांचे अंदाज बांधतात. यात आपल्याला न जमण्यासारखं काही नाही. आपल्याकडे मात्र शेवटची जनगणना 2011 ची. 2001 मध्ये पालिका क्षेत्रात सुमारे 7 लाख लोक होते, 2011 मध्ये 11 लाख 20 हजारांच्या आसपास. 2021 ची जनगणना झालीच नाही. मग जन्मनोंदीचं रजिस्टर उघडायला नको का?

कुणी म्हणेल, "काका, आपल्याकडे शाळा काय कमी आहेत? सकाळी रस्त्यावर पिवळ्या बसच बस!" बरोबर आहे. पण त्या फीची जागा आणि परवडणारी जागा यांत फरक आहे. पालिकेनं सीवूड्स आणि कोपरखैरणे इथे सीबीएसईच्या शाळा काढल्या, तर प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांचंही तसंच. 2024 मध्ये सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं जुलैमध्ये तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. घरकाम करणाऱ्या मावशींच्या, वॉचमनच्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट होती.

आता माझा खरा मुद्दा. आपल्या सोसायटीत आज पहिल्यासारखा मुलांचा गलका नाही. मुलं मोठी झाली, पुण्याला गेली, परदेशी गेली. त्यामुळे शाळेसाठी राखलेला एखादा रिकामा भूखंड पाहून "आता कशाला हवी शाळा?" असं आपणच म्हणू लागतो. थांबा! वाशीत जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. आपलीही पाळी येईलच. समजा, पुनर्विकासातून एका सेक्टरमध्ये 1200 घरं वाढली आणि दर चार घरांमागे पहिली ते आठवीतलं एक मूल धरलं, तर झाली 300 मुलं. कायद्यात एका शिक्षकामागे पाचवीपर्यंत 30 आणि पुढे आठवीपर्यंत 35 विद्यार्थी हे प्रमाण आहे. म्हणजे नऊ-दहा वर्गखोल्या. त्या कुठे बांधणार? इमारतीचे मजले वाढवता येतात, जमीन वाढवता येत नाही. आज 'जादा' वाटणारा भूखंड विकला, तर वीस वर्षांनी तो कुठल्याही किमतीला परत मिळणार नाही.

म्हणून कमिटीला तीन विनंत्या करतो. एक, दरवर्षी जूनमध्ये सोसायटीतल्या चौदा वर्षांखालच्या मुलांची नुसती जन्मवर्षानुसार संख्या, नावं नकोत, काढून पालिकेच्या शिक्षण विभागाला पत्रानं कळवावी आणि पोच घ्यावी. दोन, भूखंडाचं आरक्षण बदलण्याची जाहीर सूचना निघाली, तर तिची प्रत नोटीस बोर्डावर लावावी आणि मुदतीत लेखी हरकत द्यावी. मुदत साधारण महिन्याचीच असते आणि गणपती-दिवाळीत ती कधी संपते कळतही नाही. तीन, पुनर्विकासाच्या बैठकीत कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंडाबरोबर "शाळेचं काय?" हाही प्रश्न इतिवृत्तात यावा.

आपल्यासाठी कुणीतरी आधी नकाशावर शाळा आखली होती, म्हणून आपली मुलं शिकली. पुढच्यांसाठी तो नकाशा सांभाळणं एवढंच आपलं काम. सगळ्यांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.