भिंतीमागचं पाणी

कवी भिंतीवर बोलणार म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, आता दोन मनांमधल्या भिंतीविषयी ऐकावं लागणार. तसं नाही. मी आमच्या परसातल्या दगडमातीच्या भिंतीविषयी बोलणार आहे.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, उतार तासून केलेल्या सपाटीवर. मागे साडेसहा फुटांची मातीची धस, तिच्यावर दोन फणस आणि शेजाऱ्यांचा गोठा. दर पावसाळ्यात लाल माती परसात उतरायची, म्हणून जांभ्या चिऱ्याची, सिमेंटातली भिंत घातली. गवंडी तात्यांनी तिच्यात पाइपाचे तुकडे बसवून जागोजागी भोकं ठेवली. पहिल्याच पावसात त्यांतून लाल पाणी ओघळलं, नव्या चुन्यावर पट्टे उमटले. मला ते बघवेना. तात्यांना न विचारता मी ती भोकं बुजवली. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाचं स्थापत्यशास्त्र!

पुढच्या जुलैत आठवडाभर झड लागली. भिंतीला मधोमध पोट आलं. मी पाहिलं, आणि पाऊस उघडल्यावर बघू म्हणालो. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंत आली ती मागच्या खोलीची खिडकी घेऊन, थेट अम्माच्या खाटेवर. अम्मा फजरच्या नमाजासाठी उठून पुढच्या पडवीत वजू करत होती. उशीवर चिरा पडला होता. त्यावर मला आजवर एक ओळही लिहिता आलेली नाही.

तात्या आले. बुजवलेल्या भोकावरून त्यांनी बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "भाई, माती नाय ढकलत, पाणी ढकलतं."

हिशेब सोपा आहे. भिंतीमागे दोन मीटर पाणी तुंबलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच सुमारे दोन टन रेटा येतो. मातीचा वेगळा.

दुसऱ्यांदा तात्यांनी सिमेंट आणूच दिलं नाही. काळ्या दगडाचा गडगा रचला. पाया घट्ट जमिनीपर्यंत खणला, त्याचा तळ धसेकडे किंचित उतरता ठेवला. तळाशी रुंदी तीन फूट, माथ्यावर दोन. दर्शनी बाजू फुटाला दीड इंच मागे रेललेली. दगडाची लांबी धसेच्या दिशेने, सांध्यावर सांधा नाही, अधूनमधून एखादा दगड भिंतीच्या आरपार. मागे फूटभर जाडीची खडी आणि कपच्या, मग माती. वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर. गोठ्याच्या पागोळ्या धसेवरच पडत होत्या. शेजाऱ्याने त्याच संध्याकाळी पन्हळ लावून दिली.

हे सहा-साडेसहा फुटांच्या धसेपुरतंच. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळियेत डोंगरच खाली आला. तिथे अशा भिंतीचं काही चालत नाही. भिंत याहून उंच हवी असेल तर आधी अभियंता गाठा. आणि भिंतीला पोट आलं, भेग गेली किंवा झिरपणारं पाणी एकाएकी थांबलं, तर पाऊस उघडायची वाट पाहू नका. तिच्यालगतच्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की रात्री मी बॅटरी घेऊन परसात जातो. दगडांच्या फटींतून पाणी येताना दिसलं की परत फिरतो. अम्मा पडवीतून विचारते, "येतंय का?"

"येतंय."

खाट मात्र तिने अजून मागच्या खोलीत नेऊ दिलेली नाही.