दोन जेवणांमधील थरथर

सकाळीं घाईघाईनें चहा आणि दोन बिस्किटें घेऊन मनुष्य कामाला लागतो. साडेअकराचा सुमार होतो आणि एकाएकीं हातांना कंप सुटतो, कपाळावर घाम येतो, छातींत धडधडतें, पोटांत मळमळूं लागतें. घरांतील वडील मंडळी म्हणतात, "पित्त झालें असेल." शेजारचे गृहस्थ सांगतात, "साखर उतरली. खडीसाखर तोंडांत टाका." खडीसाखर खाल्ली जाते, दहा मिनिटांनीं बरें वाटतें, आणि त्या दिवसापासून त्या घरांत निदान कायमचें ठरून जातें. हें निदान खरें केव्हां मानावें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

आपला मेंदू देहाच्या वजनाचा अवघा पन्नासावा हिस्सा. परंतु विश्रांतीच्या वेळीं देहाला लागणाऱ्या शक्तीचा सुमारें पंचमांश तो एकटाच खर्च करतो, आणि ती त्याला मुख्यतः रक्तांतील साखरेंतून मिळते. म्हणून जेवणानंतरची जादा साखर यकृत सांठवून ठेवतें आणि पुढील जेवणापर्यंत ती थोडथोडी रक्तांत सोडतें. निरोगी मनुष्याचें एखादें जेवण चुकलें तरी त्याची साखर सहसा फारशी उतरत नाहीं, ती या व्यवस्थेमुळेंच. तरीहि ती उतरूं लागली तर अ‍ॅड्रिनॅलिन नांवाचा स्राव सुटतो. कंप, घाम आणि धडधड हीं बहुतांशीं त्याच गडबडीचीं लक्षणें. पण श्रोतेहो, हाच स्राव भीतीनें आणि काळजीनेंहि सुटतो. थायरॉईड ग्रंथीचें काम वाढलें असतां किंवा कडक कॉफी फार झाली असतांहि असाच कंप येतो. धोक्याची घंटा वाजली, एवढें कळतें. ती कोणीं वाजविली, हें आवाजावरून कळत नाहीं.

न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य अ‍ॅलन व्हिपल यांनीं १९३० नंतरच्या दशकांत यासाठीं तीन कसोट्या घालून दिल्या. लक्षणें असावींत, ऐन त्याच वेळीं मोजलेली साखर कमी भरावी, आणि साखर वाढतांच लक्षणें नाहींशीं व्हावींत. खडीसाखरेनें बरें वाटणें ही केवळ तिसरी कसोटी झाली, आणि घाबरल्याची धडधड तर दहा मिनिटांत आपोआपहि शमते! मधुमेह नसलेल्या माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तांत ५५ मिलिग्रॅमहून कमी साखर भरली, तरच संशयाला बळकटी येते. घरीं यंत्र असेल तर खाण्यापूर्वीं मोजावें व आंकडा, वेळ आणि आधींचें जेवण लिहून ठेवावें. घरगुती यंत्र थोडें चुकूं शकतें. म्हणून असा प्रकार वारंवार घडल्यास डॉक्टरांकडून प्रयोगशाळेंत खात्री करून घ्यावी. जठरावरील शस्त्रक्रिया, उपाशीं पोटीं घेतलेलें मद्य, आणि क्वचित् स्वादुपिंडांतील गांठ हींहि खरीं कारणें असूं शकतात. नुसत्या गोड न्याहारीनंतर दोन-चार तासांनीं त्रास होत असेल, तर तिच्याऐवजीं भाकरी, उसळ, दहीं किंवा अंडें घेऊन पाहावें.

मधुमेहावर इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट मात्र अगदीं निराळी. एकादशीला फराळ नाममात्र होतो, पण गोळी नेमानें घेतली जाते. आणि दुपारीं आजोबा असंबद्ध बोलूं लागले तर घरच्यांना वाटतें, उपवासाचा थकवा असेल. तो थकवा नसून मेंदूची उपासमार असूं शकते. येथें साखर ७० च्या खालीं गेली, किंवा यंत्र हाताशीं नसलें, तर विचार करीत बसूं नये. सुमारें १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार लहान चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी; १५ मिनिटांनीं पुन्हा मोजावें; गरज पडल्यास पुन्हा द्यावी, आणि मग कांहीं खाऊं घालावें. पेढा नको; त्यांतील स्निग्धांशामुळें साखर सावकाश चढते. रोगी बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडांत कांहींहि घालूं नये. त्याला कुशीवर निजवावें आणि महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. छातींत दाटून येऊन घाम व मळमळ होत असेल, तर साखरेचा विचार करीत न बसतां हेंच करावें. आणि उपवास धरण्यापूर्वीं गोळीचें काय करावें, हें डॉक्टरांना आदल्या दिवशींच विचारावें.

श्रोतेहो, ज्याला मधुमेह नाहीं त्यानें निदानाची घाई करूं नये. ज्याला आहे त्यानें उपचाराची दिरंगाई करूं नये. साखरेचा डबा दोघांच्याहि घरीं आहेच; तो केव्हां उघडावा, एवढेंच ध्यानीं ठेवावयाचें.