पुन्हा एकदा ‘पानिपत’



विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ साली प्रसिद्ध झाली. अनेक मराठी घरांत हा जाडजूड ग्रंथ दोनदा वाचला जातो: एकदा शाळकरी वयात आणि पुन्हा, घरातील मुले त्या वयाची झाल्यावर. पुस्तक तेच असते. वाचणारा मात्र तोच राहिलेला नसतो.

पहिल्या वाचनात शेवट ठाऊक असूनही मन तो मान्य करीत नाही. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा धडाडू लागल्या की आजचा दिवस मराठ्यांचाच, असे वाटते. मग विश्वासरावांना गोळी लागते आणि शाळकरी वाचक पुस्तक मिटून बसतो. त्यानंतर सुरू होतो ‘जर-तर’चा हिशेब. बुणगे मागे ठेवले असते तर? गनिमी काव्याने लढले असते तर? भरतपूरचा राजा सूरजमल जाट साथ सोडून गेला नसता तर? त्या वयात पराभवाला एक अपराधी लागतोच.

दुसऱ्या वाचनात नजर रणांगणावरून तळाकडे वळते. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा जिंकले. पाठोपाठ अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट अडली. दोन्ही फौजा अडीच महिने समोरासमोर बसून राहिल्या. मराठ्यांच्या तळावर लढवय्यांबरोबर बायका, मुले, यात्रेकरूही होते. शत्रूची रसद तोडू पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. धान्य संपत आले, जनावरे तडफडून मेली. उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू, असे म्हणत १४ जानेवारी १७६१ रोजी जे बाहेर पडले, ते उपाशी होते. आई किंवा बाप झालेला वाचक इथे थबकतो. तोफांपेक्षा आता त्याला चुलीची काळजी वाटते: त्या थंडीत कोणी कोणत्या लेकराला काय खाऊ घातले असेल?

दिल्लीहून उत्तरेला, पानिपत शहरापासून काही अंतरावर काला अंब आहे. तेथील आम्रवृक्ष रक्ताने काळवंडला, अशी लोकांची श्रद्धा. तो वृक्ष आज नाही. त्या जागी विटांचा एक स्तंभ उभा आहे. रोड समाजातील अनेक जण स्वतःला त्या रणातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. महाराष्ट्रात ‘पानिपत होणे’ म्हणजे सर्वनाश; त्या शेतांत मात्र ‘पानिपत’ म्हणजे वाचलेल्या पूर्वजांची आठवण.

सर्वनाशानंतरही माणसे उरतात आणि त्यांना पुढे जगावे लागते. त्या उरलेल्यांत आई आणि पत्नीसह उत्तरेत गेलेला एक तरुण होता. त्याचे वय एकोणीसही पूर्ण नव्हते. आईला तो कायमचा मुकला. पुढे त्याने आपले आत्मचरित्र लिहिले आणि मराठी राज्याचा कारभारही वाहिला. तो नाना फडणवीस. दुसरा, पाय जायबंदी होऊन जन्मभर लंगडत राहिलेला महादजी शिंदे. १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या, तेव्हा तो त्यांच्यात होता. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई पुण्याला परतल्या. पती परतला नाही.

आणि हे उरलेले लोक दक्षिणेकडे निघाले, तेव्हा वाटेत त्यांना अन्नवस्त्र देणारा, जखमींवर उपचार करवणारा होता सूरजमल जाट. पहिल्या वाचनात ज्याच्यावर ठपका ठेवला, त्याच्याच दारी या लेकरांना भाकरी मिळाली. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात परीक्षेसाठी पराभवाची कारणे पाठ करावी लागतात. या भाकरीवर कोणी प्रश्न विचारीत नाही. म्हणून ती बहुधा दुसऱ्या वाचनापर्यंत वाट पाहते.

शाळेच्या वाचनालयातून ‘पानिपत’ नेणाऱ्या मुलाने घरी कधीतरी विचारले की युद्ध कोण हरले, तर उत्तर सोपे आहे. पण “मग वाचलेले लोक घरी कसे पोहोचले?” असे त्याने विचारले, तर त्या रात्री पालकांनी कपाटातली आपली जुनी प्रत काढावी आणि त्याच्या शेजारी बसून पुन्हा वाचायला लागावे.