कूलर आणि हिरवी तार

कूलर चालायला दोनच तारा लागतात. तिसरी, अर्थिंगची हिरवी तार जोडली नाही तरी पंखा तितकाच फिरतो, पंप तितकंच पाणी चढवतो; म्हणून तिची उणीव कुणाला भासत नाही. पण थ्री-पिन प्लगची वरची, याच तारेची पिन मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते. पंपाच्या मोटारीत ओल शिरली की कूलरच्या पत्र्यावर 230 व्होल्ट उतरू शकतात. अर्थिंग नसेल तर जमिनीकडे जायला विजेला एकच वाट उरते: ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून टाकी भरणारं माणूस.

कुणी म्हणेल, आमच्याकडे अर्थिंगचा खड्डा आहे, आणि अकोटची काळी माती, त्यात खाली पूर्णा नदीकडचा खारपाणपट्टा, म्हणजे जमीन वीज ओढून घेणारच. हे पावसाळ्यापुरतं खरं. मे महिन्यात हीच माती आटते, भेगाळते, खड्ड्यातल्या सळईपासून सुटते. नेमके तेच दिवस कूलरचे. शिवाय खार लोखंड खातो. समजा खड्ड्याचा रोध 25 ओहम झाला. मग 230 व्होल्टला जमिनीत जेमतेम 9 अँपिअर जातील. जास्त प्रवाहाला पडणारा 16 अँपिअरचा एमसीबी तेवढ्याने हलणारही नाही आणि पत्र्यात वीज तशीच राहील. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं; कूलरला रोज पाणी देणाऱ्या घराला दोन बादल्या जड नाहीत. पण नुसत्या खड्ड्यावर भिस्त ठेवू नये. 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा. तो सारखा पडतो म्हणून काढून टाकणारे भेटतात. पण त्याचं पडणं हीच तर तक्रार, कुठेतरी वीज गळते आहे. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. आणि तो असला तरी टाकीत पाणी घालताना आधी प्लग काढावा.

दुसरी पळवाट अधिक घातक. खड्ड्याचा खर्च वाचवायला बोर्डातच हिरवी तार न्यूट्रलला बांधतात. टेस्टर लावला तर पत्रा निर्धोक दिसतो, घरचे निर्धास्त होतात. मग वादळात खांबावरून घरात येणारी न्यूट्रल तुटते. कूलर बंद पडतो, दिवे जातात, वीज गेली असं सगळ्यांना वाटतं. आणि त्याच वेळी घरातल्या चालू बटणांमधून फेजची वीज त्या हिरव्या तारेने कूलरच्या पत्र्यावर आलेली असते.