हुकूम आणि तामिली



सातारा जिल्ह्यात कोयना धरणाचे दरवाजे उचलले गेले, की ते पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमात कृष्णेला मिळून सांगलीकडे धावते, आणि आयर्विन पुलापाशी इशाऱ्याचे 40 फूट व धोक्याचे 45 फूट यांपैकी नदीने काय गाठले, याखेरीज नदीकाठच्या वस्तीला दुसरा विषय उरत नाही. 2019 च्या ऑगस्टात तर ती 57 फुटांपलीकडे गेली. अशा पातळीची नोंद घेणारा एखादा संगणक लिनक्सवर चालतो असे गृहीत धरू. त्यात पडद्याआड अहोरात्र राबणाऱ्या प्रोग्रामांना ‘सर्व्हिस’ म्हणतात. त्यांच्यावर हुकमत आणि नजर ठेवण्याचे काम दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवायचे, तर त्याने काय पाळावे, हा आजचा विषय आहे.

पूर्वी प्रत्येक सर्व्हिसची स्वतंत्र स्क्रिप्ट असे आणि तिच्या प्रोसेसचा क्रमांक एका फायलीत टिपलेला असे. प्रोसेस मेली तरी फाइल मागे राही, आणि तोच क्रमांक पुढे भलत्याच प्रोसेसला मिळाला, की बरतर्फीचा हुकूम निरपराध्यावर बजावला जाई. 2010 साली लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी पुढे आणलेल्या सिस्टमडी या सर्व्हिसांच्या कारभाऱ्याने, स्वतः पहिल्या क्रमांकाची प्रोसेस होऊन, प्रत्येक सर्व्हिसचा सारा परिवार एकेका सीग्रुपात, म्हणजे कर्नलने राखलेल्या प्रोसेसांच्या गटात, नोंदवला आणि हा घोटाळा मिटवला.

या कारभाऱ्याशी देखरेखीच्या प्रोग्रामने बोलावे ते डी-बस या प्रोग्रामांमधल्या संदेशवहनाच्या मार्गाने. माणसांसाठी छापलेला मजकूर चाळून अर्थ काढीत बसू नये. ‘स्टार्टयुनिट’ अशी विनंती केली, आणि पोलकिट या परवानगी-व्यवस्थेच्या नियमांनुसार ती करण्याचा अखत्यार असला, तर तत्काळ हाती येते ती केवळ त्या कामाची पोच. काम पार पडले, फसले की मुदत उलटली, हे नंतर येणारा ‘जॉबरिमूव्हड’ हा संकेत सांगतो, आणि तो चुकू नये म्हणून विनंतीपूर्वीच त्याची वर्दी मागून ठेवावी लागते. हुकूम सुटला म्हणजे तामिली झाली, ही समजूत कचेरीत जितकी घातक, तितकीच येथेही. थांबवण्यातही हुकूम आणि तामिली यांत असेच अंतर आहे: आधी आवराआवर करण्याची सूचना, सामान्यतः 90 सेकंदांची मुदत, आणि मगच सक्तीचा अंत.

परंतु तामिली झाली म्हणजे कर्तव्य चालू आहे, असेही नव्हे. पातळीमापकाच्या उत्तराची वाट पाहत थिजलेली सर्व्हिस दप्तरी ‘ॲक्टिव्ह’च राहते, बंद पडलेल्या सर्व्हिसचे बंद पडणे निदान कळते, ही मात्र पाणी चढत असताना जुनेच 39 फूट दाखवीत बसते. यावरचा उपाय ‘वॉचडॉग’: ठरावीक मुदतीत सर्व्हिसने स्वतः हजेरी कळवावी, न कळवल्यास सिस्टमडीने तिचा अंत करावा आणि तशी तजवीज केली असल्यास तिला पुन्हा रुजू करावे. मात्र ही हजेरी ताजी नोंद खरोखर लिहिली गेल्यावरच दिली पाहिजे. निराळ्या धाग्यातल्या (थ्रेडमधल्या) घड्याळाने ती परस्पर लावली, तर पहारा नुसता कागदोपत्री उरतो.

पुन्हा रुजू करण्यालाही मर्यादा आहे. सामान्यतः 10 सेकंदांत 5 वेळा सुरू होऊनही सर्व्हिस पडली, तर सिस्टमडी तिला ‘फेल्ड’ ठरवून स्वस्थ राहते, आणि पुष्कळांना हा दोष वाटून ते ही मर्यादाच उठवतात. वस्तुतः एकच कृती वारंवार करून कारण दूर होत नाही, हे यंत्राने दिलेले कबुलीपत्र आहे. त्या क्षणी जबाबदार माणसाला उठवण्याची व्यवस्था ज्याने आधी केली नाही, त्याने केवळ हुकूम देण्याची सोय केली, देखरेख केली नाही.