नाजूक त्वचा आणि ल्युब्रिकंट जेल
योनीमार्गाचा कोरडेपणा स्तनपानाच्या काळात आणि पाळी गेल्यावर वाढतो. अशा वेळी ल्युब्रिकंट जेलने संभोगातील त्रास कमी होतो. मात्र दोघांपैकी एकाची त्वचा नाजूक असेल, तर खोक्यावरची बारीक अक्षरे वाचावीच लागतात. सुगंध, चव, गरम-थंड वाटायला लावणारे घटक, पॅराबेन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल यांनी आग होऊ शकते. ग्लिसरीन जास्त असलेले जेल पेशींतले पाणी ओढून घेते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली सुचवले की, जेलची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या घटकांचे प्रमाण) १२०० मिलीऑस्मोल प्रति किलोच्या वर नसावी, आणि योनीसाठीच्या जेलचा सामू ४.५ च्या आसपास असावा.

जेलऐवजी खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटू शकतो. पाण्याचे किंवा सिलिकॉनचे जेल चालते. लॅटेक्सचीच अ‍ॅलर्जी असेल, तर जेल बदलून काही होत नाही. पॉलियुरेथेनचा कंडोम घ्यावा लागतो.

नवे जेल आधी हाताच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ, थेंबभर लावून दोन दिवस पाहावे. खाज किंवा लाली आली, तर ते वापरू नये. फोड किंवा सूज टिकून राहिल्यास जवळच्या रुग्णालयात, उदा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, त्वचारोग किंवा स्त्रीरोग विभागात दाखवावे. ओठ सुजले, धाप लागली, तर थेट अपघात विभाग गाठावा.